वारेचा पडदा

"हात मागं! जिती हाय ती."

हे वाक्य आणि त्याच्याबरोबर मनगटावर बसणारी चापट आमच्या दवाखान्यात कुणालाच चुकली नाही. डॉक्टरांना नाही, आयांना नाही, मला तर नाहीच. एकदा ट्रस्टच्या अध्यक्षांनाही बसली. ते बिचारे 'हे काय आहे?' म्हणून ट्रेकडे नुसतं बोट नेत होते. सिस्टरांनी आधी चापट मारली, मग वर पाहिलं. "अगो बाय, तुमी होय!" एवढंच म्हणाल्या. अशा वेळी माफी मागायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ट्रेमध्ये काय असायचं ते सांगतो. बाळ आईच्या पोटात ज्या पिशवीत वाढतं, त्या पिशवीचा आतला पडदा. बाळंतपणात वारेबरोबर तोही बाहेर येतो. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ, आरपार दिसणारा, हाताला बुळबुळीत. सिस्टर तो वारेपासून अलगद सोडवायच्या, सलाइनच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायच्या, औषधात बुडवून ठेवायच्या आणि भाजलेल्या माणसाच्या जखमेवर पसरायच्या. त्या पडद्यातल्या पेशी जिवंत असतात. उघड्या जखमेवर तो चिकटून बसतो, आतलं पाणी झिरपू देत नाही, बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही, आणि त्याच्या आडोशाला माणसाची स्वतःची कातडी हळूहळू भरून येते. शिवाय दुखत नाही. कोरडं गॉज लावलं, की ते रोज ओढून काढताना माणूस ओरडून ओरडून अर्धा होतो. पडदा ओढायचाच नसतो.

हा काही गावठी उपाय नव्हता. मोठ्या इस्पितळांतून तो होत होता. सिस्टर मुंबईत एका जळीत वॉर्डात सहा महिने काढून तो शिकून आल्या होत्या, आणि आमच्या त्या आडबाजूच्या दवाखान्यात, जिथे धड धार असलेली कात्री मिळायची मारामार, तिथे नऊ वर्षं करत होत्या.

हे सगळं मी शांतपणे लिहायचं ठरवून बसलो होतो. जमत नाही. सिस्टरांची आठवण आली की माझं डोकं फिरतं, आणि सगळ्यांत आधी ते माझ्यावरच फिरतं. का, ते येईलच पुढे.

दवाखाना शहापूर-मुरबाडच्या मधल्या एका गावात होता. गावाचं नाव सांगणार नाही. तीस खाटा, एक ट्रस्ट, एक रुग्णवाहिका आणि तीही ढकलून चालू व्हायची. मी तिथे लॅबमध्ये होतो. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. वाशिंदला राहायचो आणि रोज एसटीने यायचो. सिस्टर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, शेणव्याच्या बाजूच्या कुणबी घरातल्या. बुटक्या, सावळ्या, आणि पांढऱ्या साडीचा पदर कमरेला असा खोचलेला की आता भांडायलाच निघाल्यात. बहुतेक वेळा निघालेल्या असायच्याही. तुम्हीही अशी एखादी सिस्टर कुठेतरी पाहिली असेल, जिच्यासमोर डॉक्टरही आवाज खाली घेतात. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही.

"काय रे रक्तवाल्या, झाली का तपासनी?"

माझी तपासणी म्हणजे अशी. ज्या बाईचा पडदा घ्यायचा तिला कावीळ, एड्स, गुप्तरोग असलं काही नाही ना, हे मी रक्तातून पाहायचं. मी 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय सिस्टर पडद्याला हात लावत नसत. धुतलेले पडदे माझ्याच लॅबच्या फ्रिजमध्ये, काचेच्या बरण्यांत राहायचे. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं नाव, गाव. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, नाव कशाला? नंबर टाकू या. पद्धत तीच आहे."

त्या भडकल्या. "नंबर तुज्या लघवीच्या बाटल्यांना टाक. हे कुनीतरी दिलेलं हाय."

त्या फ्रिजवरून आमची कायमची जुंपलेली असायची. उन्हाळ्यात मी माझी ताकाची बाटली त्यात ठेवायचो. ठेवू नये हे ठाऊक असतं, तरी सगळेच ठेवतात. कुठल्याही लॅबवाल्याला विचारा. एक दिवस बाटली मोरीत उपडी केलेली दिसली. "ताक बिघडलं तर तुजं जेवान बिघडंल," सिस्टर म्हणाल्या, "हे बिघडलं तर कुनाचा तरी पाय जाईल." आणि वीज गेली, की शहापूरच्या सरबतवाल्याकडून बर्फ यायचा. तो टिकावा म्हणून भातगिरणीतलं तूस आणून लाकडी खोक्यात भरायचं, मध्ये बर्फ आणि बर्फात बरण्या. गिरणीवाला विचारायचा, "सिस्टर, अंडी उबवताव काय?" त्या म्हणायच्या, "तुजी अक्कल उबवते. निघाली तर कळवीन."

आता खरी अडचण ऐका. आमच्याकडे वार टाकून देत नाहीत. बाळाचा बाप नाहीतर आजा ती मडक्यातून घरी नेतो, न्हाणीच्या मागे खड्डा करतो, हळदकुंकू वाहून पुरतो आणि वर धोंडा ठेवतो. कुत्र्यामांजराच्या तोंडी लागली तर बाळाला धोका, आईचं दूध आटतं, असं मानतात. बाळंतपणाच्या खोलीबाहेर माणसं मडकं घेऊनच बसलेली असायची. अशांकडे जाऊन त्यातला पडदा मागायचा! दुसरं कुणी मागतं, तर मार खाऊन परत येतं.

सिस्टर मागायच्या. बाई नवव्या महिन्यात तपासणीला आली, की तिला आणि तिच्याबरोबरच्या म्हातारीला समोर बसवायच्या. "वार तुमची. ती न्या, पुरा, धोंडा ठेवा. मला वरचं पांगरून तेवडं द्या. नव म्हयनं बाळानं पांगरलं, आता चार दिस दुसरं कुनी पांगरंल. आनि काम झालं का ते मी सोता पुरीन. कचऱ्यात जानार नाय. शबूद हाय माजा."

आणि त्या खरंच पुरायच्या. जखम भरून आली की पडद्याचे वाळके तुकडे आपोआप सुटतात. ते एका वाटीत गोळा करून सिस्टर मागच्या करंजाखाली जायच्या, खुरप्याने खड्डा करायच्या आणि पुडीतली हळद-कुंकवाची चिमूट वर टाकायच्या. डॉक्टर हसायचे. मीही हसायचो. पण बायका ते खिडकीतून बघायच्या आणि गावी जाऊन सांगायच्या. म्हणून तर पडदे मिळत होते. आमच्या हसण्यामुळे नाही.

ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी मार्च सरता सरता सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून एक मुलगी आली. सोळा-सतरा वर्षांची. राब भाजताना भाजली होती. ज्यांना राब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर पावसाळ्याआधी शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरतात आणि तो तुकडा जाळून काढतात. वारा पडलेला असतानाच हे करायचं असतं. त्या दिवशी वारा अचानक फिरला आणि हिच्या परकराने पेट घेतला. दोन्ही पाय, मांडीपासून पोटरीपर्यंत. घरच्यांनी कोरफड लावली, तिथवर ठीक होतं. मग वर चुलीतली राख थापली आणि दोन दिवस वाट पाहिली.

सिस्टर दोन तास ते पाय धूत होत्या. हात इतके हळू चालत होते की मुलगी मधूनच डोळे मिटायची. तोंड मात्र बापावर सुटलं होतं. "तुज्या म्हशीच्या पायाला लागलं असतं तर त्याच दिशी दाक्तर आनला असतास. आनला असतास का नाय? बोल! ही काय फुकट आल्ती?" बाप भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "चुकलं, बाय." सिस्टर म्हणाल्या, "तुजं चुकलं आनि भोगतंय कोन?"

डाव्या गुडघ्यामागची खोबण सगळ्यात जास्त भाजली होती. तिथली जखम चिघळून कशीतरी सुकली की कातडी आखडते, पाय दुमडतो आणि दुमडलेलाच राहतो. ज्या वाडीत पाण्यालासुद्धा उतार उतरून जावं लागतं, आवणीला, म्हणजे भाताचं रोप लावायला, दिवसभर चिखलात वाकावं लागतं, तिथे पाय दुमडलेली मुलगी म्हणजे जन्मभर ओटीवर बसून दुसऱ्याच्या हाताकडे बघणारी मुलगी. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनेच विचारलं.

"सिस्टर गो, मी चालंन ना?"

खोटा धीर देणं सिस्टरांना जमत नसे. "पडदं पुरलं तर चालशील," त्या म्हणाल्या. "मी पुरवीन."

उजव्या पायाला त्याच दिवशी पडदे लावले. डाव्यावर राख आणि मेलेली कातडी फार होती, तो चार-पाच दिवस साफ करत राहायला हवा होता. त्याच्यासाठी सहा बरण्या बाजूला काढल्या. माझ्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. "ह्या सहांना हात नाय लावायचा," मला बजावलं. मी म्हटलं, "सिस्टर, मी कशाला लावतो?"

नेमकं त्याच आठवड्यात ट्रस्टने नेमलेले नवे प्रशासक रुजू झाले. आधी एका कारखान्यात व्यवस्थापक होते, निवृत्त होऊन आलेले. त्या सुमारास दवाखान्यांतल्या कचऱ्याचे नवे नियम आले होते, ही पिशवी पिवळी, ती लाल. नियम वाईट नव्हते, हे मी लॅबवाला म्हणून सांगतो. पण साहेबांना कचऱ्याची काळजी नव्हती, त्यांना तपासणीची भीती होती. मंगळवारी सिस्टर एका बाळंतपणात अडकल्या असताना ते माझ्या लॅबमध्ये आले आणि त्यांनी फ्रिज उघडला.

"हे काय?"

मी सांगितलं.

"याची परवानगी कुठंय?"

"आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी तोंडी दिली होती."

"तोंडी?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माणसांचे अवयव बरण्यांत भरून ठेवलेत तुम्ही! उद्या कुणी पाहिलं तर दवाखान्याला कुलूप लागेल. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

आणि मी काढले. 'थांबा, सिस्टरांना बोलावतो', एवढं म्हणायला काय लागत होतं? साहेब मला खाणार नव्हते. भिंतीपलीकडे बाळंतपणाची खोली. तिथपर्यंत चालायची पन्नास पावलंसुद्धा मी चाललो नाही. सहाच्या सहा बरण्या माझ्या हाताने बादलीत ठेवल्या. सफाई कामगार त्या मागच्या खड्ड्यात घेऊन गेला. तिथे सुया, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे जाळायचे. त्याच ढिगावर बरण्या गेल्या, वरून रॉकेल आणि काडी.

सिस्टर आल्या, फ्रिज उघडला, मधला कप्पा पाहिला.

"कुनी?"

"साहेबांनी."

"आनि तू काय करत व्हतास?"

मी फ्रिजचं दार लावलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्या वाटी घेऊन तशाच मागच्या खड्ड्याकडे गेल्या. अर्ध्या तासाने परतल्या तेव्हा हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि वाटीत काहीच नव्हतं. हात धुऊन त्या वॉर्डात गेल्या आणि मुलीच्या डाव्या पायावर ओलं गॉज ठेवलं. दुसरं ठेवायला काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ते काढताना मुलगी जी ओरडली, ती मला लॅबचं दार लावूनही ऐकू आली.

पुढचं ऐका. त्या सहांतली एक बरणी नुसती तडकली होती. तिच्यावरची चिकटपट्टी जळली नव्हती. गुरुवारी शेणव्याचा एक माणूस बाळाला लस द्यायला घेऊन आला होता, तो मागच्या बाजूला विडी ओढायला गेला आणि खड्ड्यात त्याला स्वतःच्या बायकोचं नाव वाचायला मिळालं. शनिवारी सकाळी टेम्पो भरून माणसं आली. पुढे त्याची बायको, कडेवर दीड महिन्याचं बाळ.

"माज्या पोराचं पांगरून तुमी सुयांसंगं जाळलंव!" ती आवारात उभी राहून ओरडत होती. "कुनी जाळलं त्याला भायेर काडा!"

साहेबांनी आपल्या खोलीला आतून कडी घातली. डॉक्टरांना अचानक मुरबाडला काम निघालं. मी लॅबच्या खिडकीतून बघत होतो. हो, खिडकीतून.

सिस्टर बाहेर गेल्या. त्यांनी ना साहेबांचं नाव घेतलं, ना माझं. "व्हय, जाळलं," त्या म्हणाल्या. "मी शबूद दिल्ता, तो मोडला. घाल शिव्या."

बाईने घातल्या. आमच्या भागातल्या बाईच्या शिव्या तुम्ही ऐकल्या नसतील तर कल्पना येणार नाही. सिस्टर पदर खोचलेल्या उभ्या होत्या आणि, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, कुणाचं तरी पुरतं ऐकून घेत होत्या. बाई दमली तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं? आता आत ये. बाळाला सासूकडं दे."

वॉर्डात नेऊन त्यांनी त्या मुलीच्या अंगावरची चादर बाजूला केली. "ह्यो उजवा पाय बघ. ह्याच्यावं मुरबाडच्या एका बाईचं पांगरून हाय. खाली गुलाबी दिसतं ती नवी कातडी. आनि ह्यो डावा बघ. ह्याच्यासाठी तुजं ठेवलं व्हतं."

डाव्याचं गॉज बदलायची वेळ झालीच होती. सिस्टरांनी मुद्दाम ती थांबवली नाही. मुलीने पलंगाची दांडी धरली आणि ओरडायला सुरुवात केली. बाई ते संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "सुदरंल का ह्यो पाय?"

"मिळालं तर."

ती बाहेर गेली आणि माणसांना म्हणाली, "चला घरी." कुणीतरी काही बोलायला गेलं तर त्याच्यावरच खेकसली.

सोमवारी तीच बाई आपल्या जावेला घेऊन आली. जावेला कळा लागल्या होत्या. तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं होतं, दुसरंही घरीच व्हायचं ठरलं होतं. "पांगरून घ्या," बाई सिस्टरांना म्हणाली, "पन ह्या टायमाला मी हितंच उभी ऱ्हानार. त्या पोरीच्या पायावं लागलेलं बगीन, मंगच जाईन." मी जावेचं रक्त तपासलं. इतक्या काळजीने मी उभ्या जन्मात रक्त तपासलं नव्हतं. दुपारी बाळ झालं, पडदा ट्रेमध्ये आला, धुतला गेला, औषधात राहिला आणि तिथून थेट वॉर्डात. फ्रिजमध्ये काही ठेवलंच नाही, म्हणजे साहेबांना काढायलाही काही नव्हतं. सिस्टरांनी तो गुडघ्यामागे पसरला, बोटाच्या टोकाने खालचे बुडबुडे कडेला सरकवले आणि पाय सरळ राहावा म्हणून खाली फळी बांधली. बाई शेजारीच उभी होती. तिने बोट पुढे केलं आणि तिलाही चापट बसली. "हात मागं!" दोघी हसल्या.

मंगळवारी साहेबांनी मला बोलावलं. आवारात जमाव आल्यापासून ट्रस्टला कुणाचा तरी बळी हवा होता. "एक निवेदन लिहून द्या," ते म्हणाले. "या बरण्या सिस्टरांनी तुमच्या नकळत तिथे ठेवल्या होत्या, असं. नाहीतर दोघांवर कारवाई होईल."

नकळत! नऊ वर्षं. माझा फ्रिज, माझ्या तपासण्या, त्या चिकटपट्ट्यांवर कितीदा तरी माझंच अक्षर.

मी लिहून दिलं. माझ्या घरच्या अडचणी इथे सांगत बसणार नाही. अडचणी सगळ्यांनाच असतात, सिस्टरांनाही होत्या. भ्यायलो आणि लिहिलं. बास. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, हे मला विचारू नका. मला ते ऐकायचं नाही.

संध्याकाळी सिस्टर तो कागद घेऊन लॅबमध्ये आल्या. त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेताना साहेबांनी त्यांना त्याची प्रत दिली होती. त्यांनी ती माझ्यासमोर उभं राहून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. वाचून घडी घातली.

"अक्षर चांगलं हाय तुजं," म्हणाल्या.

मला वाटलं, पुढे काहीतरी येईल. आलं ते असं: "पोरीच्या गुडग्यामागचं शुक्रवारी बघ. कडा वर आल्या असतील. वढू नको. सुटंल तेवडं कातर, बाकी ऱ्हाऊं दे. फळी निगू देऊ नको, ती म्हनंल दुकतंय, तरी नाय." मग रेक्झिनची पिशवी उचलली आणि एसटी धरायला गेल्या. ना सत्कार, ना हार. साहेब तीन वर्षांनी दवाखाना सोडून गेले तेव्हा मात्र शाल-श्रीफळ होतं, भाषणं होती, आणि दवाखान्याला त्यांनी लावलेल्या शिस्तीचं, वारही घरी न देता पिवळ्या पिशवीत टाकायच्या नियमाचं कौतुक होतं. मीही टाळ्या वाजवल्या. लिहितो आहे तर हेही लिहितो.

शुक्रवारी मी गेलो. कडा कातरल्या. ओढलं नाही. खाली गुलाबी कातडी आली होती. मे महिन्यात ती मुलगी भिंत धरून चालायला लागली आणि पावसाआधी, भिंत न धरता, बापाच्या पुढे चालत घरी गेली.

सिस्टर शेणव्याकडे गावी राहायला गेल्या. एसटीने फार तर पाऊण तास. मी गेलो नाही. दर दिवाळीला वाटायचं, जाऊ. काय तोंड घेऊन जाणार? सहा वर्षांनी एका कंडक्टरने तिकीट फाडता फाडता सांगितलं, "तुमच्या त्या सिस्टर गेल्या ना मागल्या म्हयन्यात." त्याला वाटलं होतं मला ठाऊक असेल. बाकीच्या प्रवाशांना तिकिटं देत तो पुढे गेला.

त्यानंतर साधारण वर्षाने ती मुलगी आली. मुलगी कसली, बाई झालेली. नववा महिना. मी लॅबचं दार उघडलं तर बाहेर जमिनीवर उकिडवी बसलेली, दोन्ही गुडघे पुरते दुमडून. मला बघून हाताचा टेका न घेता उठली.

"तुमी रक्तवालं ना? सिस्टर परत आल्या का हितं? तेंनाच सांगाया आलेय. माजं पांगरून घ्या म्हनून."

मी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिली. मग म्हणाली, "तरी घ्या."

मी काहीतरी 'बघू' असं म्हणालो. तिचं रक्त तपासलं. सगळं ठीक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिला मुलगी झाली. तिने आपल्या आईला पाठवून मला बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी बोलावून घेतलं. स्टीलच्या तसराळ्यात वार होती आणि तिच्या अंगाने तो पडदा, स्वच्छ, पाण्यासारखा. त्याच वेळी शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत वीटभट्टीवर भाजलेल्या एका बाईचं गॉज काढत होते. छाती आणि दोन्ही हात. ती ओरडत होती आणि मधली भिंत नावापुरती.

"ती बाय वरडते ना," खाटेवरून ती म्हणाली, "तिला लावा."

नव्या सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "काय लावायचं, सर?"

मी तसराळ्यात पाहिलं. पडदा कुठला ते मला कळत होतं. तो कुठल्या कडेने धरायचा, वारेपासून कसा सोडवायचा, किती वेळा धुवायचा, किती वेळ औषधात ठेवायचा, यातलं काहीच येत नव्हतं. नऊ वर्षं मी हातभर अंतरावर बरणी आणि चिकटपट्टी घेऊन उभा होतो आणि ते हात काय करतात ते मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुमी तर रोज व्हता हितं," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

'मी शिकलो नाही', असं म्हणायला हवं होतं.

"आता नियम बदललेत, बाई," मी म्हणालो.

पलीकडे गॉजचा पुढचा तुकडा ओढला गेला. आयाने पिवळी पिशवी आणली, तसराळं तिच्यात रिकामं केलं आणि तोंडाला गाठ मारली.